घर बघायला येणारे साहेब

मला राग लवकर येतो, हे आमच्या कॉलेजात शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. येतो तसा तो जातोही. पण त्या हिवाळ्यात आलेला राग अजून गेलेला नाही, आणि जाऊ नये असंच मला वाटतं.

मी नाशिकला वनस्पतिशास्त्र शिकवते. दुसऱ्या वर्षाला पेठकडच्या एका पाड्यावरची मुलगी होती. तिचे आईवडील पावसाळ्यात स्वतःच्या उतारावर भात आणि नागली लावायचे आणि दिवाळी झाली की पिंपळगावकडे द्राक्षबागांवर कामाला जायचे, ते थेट उन्हाळ्यात परतायचे. मुलीचा सरकारी हॉस्टेलला नंबर लागला नव्हता. पेठ नाक्याजवळ तीनचार मुलींबरोबर एका खोलीत राहायची आणि एक डबा दोन वेळा पुरवायची. अशाच मुलांसाठी एक जादा भत्ता असतो. आईबाप हंगामात परगावी कामाला जातात, हॉस्टेल मिळालेलं नाही, अशांना खोलीसाठी आणि जेवणासाठी. मीच तिच्या मागे लागून अर्ज करायला लावला. भत्ता मिळाला तर ती शिकणार, नाही मिळाला तर आईच्या शेजारी बागेत उभी राहणार, इतकं ते सरळ होतं. वडिलांनी तसं सांगूनच टाकलं होतं आणि त्यात त्यांना बोल लावण्यासारखं काही नव्हतं.

एका दुपारी प्रॅक्टिकल संपल्यावर ती मोबाइल पुढे करून उभी राहिली. "मॅडम, नामंजूर आलंय." खाली कारण होतं: गृहभेटीत कुटुंबाची परिस्थिती समाधानकारक आढळली.

समाधानकारक म्हणे. मी तिला स्टुलावर बसवलं आणि विचारलं, घरी कोण आलं होतं, काय झालं ते नीट सांग. मग खाली मान घालून तिने जे सांगितलं ते ऐकून हसावं की रडावं तेच मला कळेना.

साहेब घर बघायला येणार असा फोन गेल्यावर आईवडील बागेतली मजुरी बुडवून गावी आले. त्यांच्या पाड्यावर रीत अशी, की कुणाकडे मोठा पाहुणा यायचा असला तर सगळा पाडा आपल्या घरचं काढून देतो. मुलीच्या सोयरिकीला करतात तसंच आईने केलं. कुडाच्या भिंती ताज्या सारवल्या. शेजारणीकडून खुर्च्या आणल्या, दुसरीकडून स्टीलची ताटं, तिसरीकडून टेबलफॅन. एका घरचा टीव्हीसुद्धा आणून फळीवर ठेवला. तो लावलाही नव्हता, वायर मागे लोंबत होती. त्यावर विणलेला रुमाल घातला. आणि घरातला एकुलता एक कोंबडा कापला. साहेब आले, खुर्चीवर बसले, पंख्याचा वारा घेतला, रस्सा-भाकरी पोटभर जेवले, हात धुतले आणि जाऊन लिहिलं की यांचं बरं चाललंय.

"तुझ्या आईला हे सुचलं तरी कसं?" मी विचारलं.

"ती म्हणली, पोरीच्या शिक्षणाचं काम घेऊन साहेब दारात येणार, अन् मी त्यांना भुईवर बसवू काय?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. दुसऱ्या दिवशी पहिला तास दुसऱ्या मॅडमना दिला, स्कूटर काढली आणि भत्त्याचे अर्ज तपासतात ते कार्यालय गाठलं. साहेब चाळिशीचे, सभ्य, बोलायला गोड. त्यांनी मला बसायला सांगितलं. मी बसले नाही.

"मॅडम, मी जे दिसलं ते लिहिलं," ते म्हणाले. "खुर्च्या, पंखा, टीव्ही. खोटं एक अक्षर नाही."

"टीव्हीची वायर दिसली का?"

ते समोरची फाइल चाळू लागले.

"पाड्यावरच्या बाकीच्या घरांत डोकावलात? त्या दिवशी तिथे एकाही घरात बसायला खुर्ची नव्हती. सगळ्या तुमच्या बुडाखाली होत्या."

"मॅडम, भाषा."

"भाषेचं नंतर बघू. जेवलात ना तिथे?"

"आग्रह फार केला हो त्यांनी. नाही म्हटलं तर वाईट वाटलं असतं."

"त्यांना वाईट वाटू नये म्हणून जेवलात, आणि मग नामंजूर लिहिलंत. काय माणुसकी आहे हो तुमची."

शेजारच्या टेबलावरच्या बाई फायलीत तोंड घालून हसत होत्या. साहेबांचा चेहरा पडला. मला त्यांची दया वगैरे मुळीच आली नाही. ते म्हणाले, उद्या एखादा अपात्र निघाला तर माझी नोकरी जाते. मी म्हटलं, आणि आज पात्र मुलगी गेली तर तुमचं काय जातं? नियमात फेरभेटीची सोय होती. अर्ज तिथेच उभ्याउभ्या लिहून दिला आणि पोच घेतल्याशिवाय हलले नाही.

संध्याकाळी मुलीच्या आईला फोन लावला. मागे बागेतली गडबड ऐकू येत होती. मी म्हटलं, "ताई, साहेब परत येणार आहेत. या वेळी कुणाकडून काही आणायचं नाही. घर जसं आहे तसंच दिसू द्या." मग ती म्हणाली, "बरं मॅडम." एवढंच.

फेरभेटीच्या दिवशी मी मुलीबरोबर सकाळच्या एसटीने गेले. म्हटलं, बघूच आता काय लिहितात. घर पाहिलं आणि दारातच थबकले. आत काहीच नव्हतं. म्हणजे अगदीच काही नाही. फळी रिकामी, कोपऱ्यात काळवंडलेलं एक पातेलं, वलणीवर एक फाटकं लुगडं. बापाने लेकीसाठी ठोकलेलं लाकडी टेबल आहे असं मुलीने मला किती वेळा कौतुकाने सांगितलं होतं. तेही दिसेना. बारावीला तिचा तालुक्यात सत्कार झाला, त्याचा फ्रेम केलेला फोटोही नाही, भिंतीवर नुसता खिळा. वडील तर बागेवरून आलेच नव्हते.

"ताई, तुमचं सामान कुठे गेलं?" मी विचारलं.

"शेजारणीकडं ठिवलं," ती शांतपणे म्हणाली. "मागच्या टायमाला जास्ती दिसलं म्हणून नाय म्हणले ना? मग या टायमाला कमी दिसाया पायजे."

तिचा हिशेब बरोबर होता. आम्ही शिकलेल्यांनीच तो तिला शिकवला होता. तेवढ्यात जीप आली.

साहेब या वेळी दारातच उभे राहिले. माझ्याकडे बघितलं नाही. आत नजर फिरवली, मोबाइलवर फोटो काढले, रिकाम्या फळीचा जरा जवळून काढला. बाई भिंतीला टेकून उभी होती. शेवटी रीत म्हणून तेच म्हणाले, "चहाबिहा काही नको बरं का."

"चहा नसताच मिळाला, साहेब," ती म्हणाली. "घरात साखर नाय."

हे सांगताना तिचा चेहरा कानापर्यंत तापला. गेल्या खेपेला याच माणसापुढे कोंबडा वाढणारी ती बाई. मुलगी उठून मागच्या दाराने बाहेर गेली. साहेबांनी मान डोलावली, समाधानाने, आणि लिहून घेतलं. मला त्यांच्या हातातला मोबाइल घेऊन ओहोळात भिरकावावासा वाटला. पण काम होत होतं, म्हणून मी दात आवळून उभी राहिले.

जीप वळणाआड गेली तशी बाई हलली. शेजारच्या घरी जाऊन एकेक वस्तू आणू लागली, मुलीने टेबलाचं एक टोक धरलं. फोटो खिळ्यावर परत लागला. सगळ्यात शेवटी पदराखालून साखरेचा डबा आला. तिने चूल पेटवली, चांगला गोड चहा केला, टेबल पुसून त्यावर माझा कप ठेवला.

"बसा मॅडम," ती म्हणाली. "आता पाहुणं आलं."

भत्ता मंजूर झाला. मुलगी शिकते आहे, आणि बीएस्सीनंतर तिने एमएस्सीला जावं म्हणून मी आतापासून तिच्या मागे आहे. पण त्या दिवशी मी चहा घेत असताना तिच्या आईने एक प्रश्न विचारला होता. नियम मला माहीत होता. भत्त्याचं नूतनीकरण दर वर्षी, आणि दर वर्षी गृहभेट.

"मॅडम, पुढल्या सालीबी असंच करायचं ना?"

मी म्हटलं, "हो ताई. असंच."