धोतऱ्याचा मुकुट

निजामी संपायच्या आदल्या साली, पोळ्याच्या करीला, मानवतच्या शाळेत नाटक चालू असताना माझ्या भावाला, किसनला, पोलिसांनी उचललं.

आज खुरपताना धोतऱ्याचा उग्र वास आला अन् ती सकाळ डोळ्यांपुढं उभी राहिली. नाटक जुनं, विलायती. त्यात राज्य गमावलेला राजा रानातलं तण डोक्यावर मिरवतो. आईनं धोतऱ्याचा मुकुट विणून किसनच्या डोक्यावर ठेवला.

“आये, काटं टोचायलेत.”

“टोचू दे. राजा हाईस ना!”

आम्ही हसलो होतो.

भर खेळात, पुढच्या रांगेत गावच्या मातब्बरांशेजारी बसलेला फौजदार उठला. “ये ताज किसका है?”

“गादी गेलेल्याचा,” किसन म्हणाला.

तो परत आलाच नाही. आई अजून बांधावरचा धोतरा उपटू देत नाही.

पुढच्या रांगेतल्या मातब्बरांनो, त्या संध्याकाळी तुम्ही ठाण्यात चहा प्यालात. माझ्या भावाचं काय केलं, ते चौकात येऊन सांगा.