आत्ताच तेल बदललं

सत्तरच्या दशकात मी पिंपरीतल्या एका कारखान्यात साहेबलोकांना फ्रेंच शिकवायला जात असे. फ्रान्सहून नवी मशिनं आली होती आणि काही जणांना ट्रेनिंगसाठी तिकडे पाठवायचं चाललं होतं. पहिला नंबर मेंटेनन्सच्या साहेबांचा. इतका आळशी विद्यार्थी मला शाळेतल्या पोरांतही भेटला नव्हता. गृहपाठ विचारला की उत्तर ठरलेलं: "आत्ताच केलाय बाई, घरी राहिला."

एकदा मी नुकत्याच संपलेल्या क्रियेचा धडा घेतला. फ्रेंच लोक त्यासाठी 'येणे' हे क्रियापद वापरतात. आपण 'जेवून आलो' म्हणतो, तसंच काहीसं. फक्त तिथे कुठून यावं लागत नाही. खुर्चीत बसल्याबसल्या माणूस जेवण्यातून 'येतो', म्हणजे नुकताच जेवलेला असतो.

साहेब ताठ बसले. "म्हणजे किती वाजता केलं, ते सांगायची गरज नाही?"

"नाही."

"झकास!" म्हणाले, आणि माझ्याकडून एकच वाक्य शिकून घोकून टाकलं: 'ज व्हियँ द शाँजे लुईल.' मी आत्ताच तेल बदललंय.

पुढच्याच महिन्यात फ्रेंच इंजिनिअर मशिनं बघायला आला. दुभाषी म्हणून मला मशिनांच्या शॉपमध्ये उभं केलं होतं. त्याने तेलाबद्दल विचारलं. मी तोंड उघडायच्या आत साहेबांनी ते वाक्य फेकलं. उच्चार सुरेख. फ्रेंच माणूस खूश झाला, मशिनपाशी वाकला आणि त्याने तेल मोजायची पट्टी बाहेर ओढली. तेल डांबरासारखं काळं होतं.

त्याने ती पट्टी साहेबांपुढे धरली.

"बाई, त्याला सांगा," साहेब घाईघाईने म्हणाले, "हेल्परने चुकीचं तेल भरलं."

हेल्पर तिथेच उभा होता, जवळच्या मोशी गावचा, वयाने साहेबांपेक्षा मोठा. "न्हाई ओ बाई," तो म्हणाला, "दिवाळीपास्नं तेलाचा डबाच आला न्हाई."

साहेबांनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "बाई, सांगा ना!"

मला त्या माणसाची शिसारी आली. मी म्हणाले, "तुम्हाला येतं की फ्रेंच. तुम्हीच सांगा."

 शेवटी साहेबांनी तेच वाक्य पुन्हा म्हटलं, आणखी मोठ्याने. फ्रेंच माणूस माझ्याकडे वळला. मी त्याला हेल्परचं बोलणं शब्दशः सांगितलं. मशिन तिथल्या तिथे बंद करण्यात आलं.

साहेबांचं काय झालं? काही नाही. ते फ्रान्सला गेले. कारखान्याने हारतुरे घातले, कँटीनमध्ये बासुंदी झाली. मलाही बोलावणं होतं. मी गेले नाही आणि तो वर्गही सोडला. घरी सगळे म्हणाले, एवढ्याशा गोष्टीवरून चांगलं काम सोडलंस. असेल. पण तो माणूस परत येऊन वर्गात शिरला असता, तर त्याला पुन्हा 'बसा' म्हणणं मला जमलं नसतं.