हाळी न देता

नव्वदच्या दशकात मी कोल्हापुरात एका हायस्कूलला भूगोल शिकवायचो. दिवाळीच्या सुट्टीत लोक सासुरवाडीला जातात. मी पाठीवर सॅक टाकून डोंगरात जायचो, आणि एकटाच. बायकोनं पहिली दोन वर्षं भांडून बघितलं, तिसऱ्या वर्षी मुकाट्यानं भडंगाचा डबा भरून दिला. सोबत का नको, असं कुणी विचारलं की मी एकांत वगैरे सांगायचो. खरं कारण वेगळं होतं. आमच्याकडच्या माणसाला हळू बोलता येत नाही, आणि मला जनावरं बघायची होती.

त्या वर्षी गगनबावड्याहून आजऱ्यापर्यंत, सह्याद्रीच्या कडेकडेनं आठ दिवस चालायचं ठरवलं होतं. पहिल्या तीन दिवसांत एक शेकरू दिसलं आणि एका भेकराची पाठ दिसली. गव्याचं नुसतं शेण, नुसते खुरांचे ठसे. चौथ्या संध्याकाळी एका धनगरवाड्यावर पोचलो. चारच घरं. ज्याच्या सोप्यात पथारी टाकली तो पन्नाशीचा गडी, अंगानं सडपातळ, आवाज मात्र डोंगराच्या पलीकडं जाईल असा. रोज सकाळी दोन किटल्या दूध घेऊन तो दीड तास उतरून खालच्या गावात डेअरीला घालायचा. माझी पुढची वाटही तीच होती.

जेवताना त्यानं तिथली रीत सांगितली. वळण आलं की आधी हाळी द्यायची, म्हणजे पोटापासून ओरडायचं, आणि मग पुढं पाऊल टाकायचं. बायका, म्हातारी, पोरं, सगळी तसंच करतात.

"जनावराचं आपल्याशी काय काम न्हाय, पावणं," तो म्हणाला. "मानूस कुठनं येतंय तेवढं त्याला कळाय पायजे. मग ते आपलं दुसरीकडनं जातंय."

मी मान डोलावली. मनात म्हटलं, तरीच मला तीन दिवस काही दिसलं नाही.

सकाळी तो म्हणाला, चला बरोबर. मी बुटांच्या नाड्यांचं निमित्त केलं आणि त्याला पुढं जाऊ दिलं. तो उतरायला लागला. दर वळणाला त्याची हाळी यायची आणि माझं डोकं उठायचं. दोघांत चांगलं अंतर पडावं म्हणून मी एका दगडावर बसून भडंग खाल्लं. मग निघालो. बुटाखाली पाचोळा वाजू नये म्हणून पाय जपून टाकत होतो. हाळी अर्थातच दिली नाही.

तिसऱ्या की चौथ्या वळणावर, वाटेच्या खालच्या अंगाला कारवीच्या झुडपांत गवा उभा होता. दहा पावलांवर. काळाकुळकुळीत नर, गुडघ्याखाली पांढरे मोजे घातल्यासारखे पाय. त्याचे कान खालच्या हाळीकडं होते. माझ्या बाजूला माणूस आहे हे त्याला माहीतच नव्हतं. वारा फिरला असेल किंवा माझा बूट घसरला असेल; त्यानं मान वळवली, एकदा मला बघितलं, फुस्सकन श्वास सोडला आणि उतारावरून कारवी मोडत सरळ खाली सुटला.

मी तिथंच उभा राहिलो. इतका आनंद मला लग्नातही झाला नव्हता, हे लिहायला आता बरं वाटत नाही, पण ते तसंच होतं. वही काढून वेळ टिपली. मग लक्षात आलं की खालची हाळी बंद झाली आहे.

धावत खाली उतरलो. तो गडी वाटेच्या खाली दहा-बारा फुटांवर पडला होता. गव्यानं त्याला मुद्दाम मारलं नव्हतं, पळताना वाटेतून उडवलं होतं. मांडीचं हाड मोडलं होतं आणि पाय भलतीकडं वळला होता. किटल्या उपड्या झाल्या होत्या. मी ओरडलो तेव्हा वाड्यावरची माणसं आली. त्या वाटेवरची माझी पहिली हाळी ती. घोंगड्याची डोली करून त्याला खाली नेलं, तिथून जीपनं तालुक्याच्या दवाखान्यात. डोलीचं एक टोक माझ्या खांद्यावर होतं. याला खरं सांगायचं, आजच सांगायचं, असं मी वाटभर घोकत होतो. सांगितलं नाही. तो कण्हत होता, हे एक निमित्त मिळालं. आधी त्याची बायको उशाशी होती, मग डॉक्टर आले, अशी पुढचीही मिळत गेली.

दुसऱ्या दिवशी फॉरेस्टचा गार्ड पंचनाम्याला आला. नुकसानभरपाईचा अर्ज करायचा तर तो लागतो. गवा सुटताना बघितलेला साक्षीदार मी एकटाच. गार्डानं खाटेशेजारी बसून पहिलाच प्रश्न केला, हाळी देत होता का? जंगलात गुपचूप फिरणारा माणूस त्यांच्या हिशेबी शिकारी असतो, आणि तसं कागदावर आलं की अर्ज अडकतो. तो दोघांनाही विचारत होता. मी तोंड उघडलं. काय बोलणार होतो ते मला आजही नक्की सांगता येत नाही.

"दोघंबी देत हुतो की," खाटेवरून तो म्हणाला. "ह्यांची वरनं मला ऐकाय येत हुती."

गार्डानं तसं लिहून घेतलं आणि कागद माझ्यापुढं केला. मी साक्षीदार म्हणून सही केली.

गार्ड गेल्यावर मी खाटेजवळ सरकलो आणि सुरुवात केली, की काल खरं तर मी... त्यानं मला पुढं जाऊ दिलं नाही. आवाज पहिल्यांदाच हळू होता.

"उद्यापासनं माझी बायकू दूध घिऊन त्या वाटंनं जानार हाय. तुमी परत तिकडं येऊ नगासा."

मी बरं म्हणालो आणि सॅक उचलली.