चार बोटांवरची आच

आमच्या जव्हारच्या भट्टीत महाराजांच्या पागेचे नाल व्हायचे, पण घर चालायचं ते विळ्यांवर. लालभडक विळा पाण्यात बुडवून पाणी पाजलं की तो काचेसारखा कडक होतो, म्हणून पुन्हा निखाऱ्यावर धरून तो कडकपणा जरासा उतरवावा लागतो. किती, ते हात सांगायचा. पात्यापासून चार बोटं वर हाताची पालथी बाजू धरायची आणि मोजायचं. दहाला हात मागे आला की विळा झाला. दहानंतरही सोसवत असेल तर परत निखाऱ्यावर. जास्त तापला तर मऊ पडून धार मुडपते. हे सगळं मला थोरल्या भाईनेच शिकवलं, म्हणून तर अजून तळपायाची आग मस्तकात जाते.

खोडाळ्याच्या लोकांना गावात लोहार हवा होता. त्यांनी मला वीस विळे करायला सांगितले. भातकापणीला टिकले तर भट्टीला जागा देणार होते आणि दर साल धान्य. मला दुसरं काही म्हणजे काही नको होतं. भाई म्हणाला, तू कर, भाता मी ओढतो. मला केवढं भरून आलं, काय सांगू.

तेव्हा उकाड्यासाठी भाईने आढ्याला कापडी पंखा टांगला होता. दोरी भात्याच्या दांड्याला बांधलेली, भाता ओढला की पंखा हलायचा. स्वतःच्या विळ्यावर हात धरताना भाई भाता सोडायचा. मला वाटायचं, दम खातोय. माझ्या विळ्यांच्या वेळी मात्र तो एकदाही थांबला नाही.

कापणीच्या दुसऱ्याच दिवशी धारा मुडपल्या. लोक भांडले नाहीत, वीसच्या वीस विळे दाराशी ठेवून गेले. मी स्वतःच्या हाताला शिव्या घालत बसलो.

पुढे एकदा पंख्याची दोरी तुटली. विळा नेहमीइतकाच तापवलेला, बोटंही चारच, आणि पाच म्हणतोय तोवर हात पोळला. म्हणजे इतके दिवस वारा आच उडवून नेत होता आणि मी विळे जास्तच तापवत होतो. भाईला हे पहिल्यापासून ठाऊक होतं. सख्ख्या भावाने केसाने गळा कापला हो!

विचारलं तर खाली बघत म्हणाला, "सांगितलं असतं तर तू खोडाळ्याला निघून गेला असतास."

खोडाळ्याचे लोक अजून येतात. विळा माझ्या हातात देतात आणि बजावतात, पाणी आणि आच भाईलाच बघू दे.