साडूंचा जीपीएस

माझे साडू कोणतीही वस्तू विकत घेत नसत, ते तिचं स्थळ बघत. साधा मिक्सर घ्यायचा तरी चार ठिकाणी चौकशी, दोनदा प्रत्यक्ष भेट आणि मग दुकानदाराला "आठ दिवसांनी कळवतो." असा माणूस अख्ख्या टेक्सासात दुसरा नसेल, आणि नेमका तो माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीला मिळाला, हे माझ्या संसाराचं एकमेव दुखणं. कारण मी वस्तू दिसली की घेतो. ती बिघडली की बायको शांतपणे एवढंच म्हणते, "भाऊजींना विचारलं असतंस तर?"

ते शुगर लँडला राहायचे, आमच्यापासून वीस मिनिटांवर. पेशाने पाइपलाइनचे इंजिनियर, मूळचे नागपूरचे. ऑगस्टमध्ये आम्ही सगळे एसीत दडून बसलेलो असताना हे ड्राइव्ह-वेमध्ये गाडी पुसत उभे, वर "आज हवा बरी आहे" असं म्हणणार. २००६ साली त्यांनी ट्रेलर घेतला. ट्रेलर म्हणजे चाकांवरचं घरच. आत पलंग, ओटा, शेगडी, फ्रिज आणि छपरावर एसीचं खोकं. पिकअपच्या मागे जोडायचं आणि सुट्टीला निघायचं. आम्ही बघायला गेलो तेव्हा माझ्या बायकोने त्या ओट्यावरून इतक्या मायेने हात फिरवला, की मला ताप आलेला असतानाही तिने माझ्या कपाळावरून तसा फिरवला नसेल. "छान आहे, पण जरा अरुंद वाटतो, नाही?" असं मी म्हणून पाहिलं. कोणी ऐकलंच नाही.

मग सुरू झाला जीपीएसचा शोध. तेव्हा ते यंत्र नवं होतं. आम्ही बाकीची मंडळी इंटरनेटवरून रस्ता छापून घ्यायचो, बायको शेजारी बसून पानं उलटायची, आणि हायवेवरून उतरायचा एक्झिट चुकला की लग्नापासूनची भांडणं वर यायची. साडूंचं म्हणणं असं, की ट्रेलर ओढणाऱ्याला साधा जीपीएस चालत नाही. साधं यंत्र जवळचा रस्ता दाखवतं, आणि जवळच्या रस्त्यावर बुटका पूल असतो, नाहीतर पुढे रस्ताच संपतो. त्यांचा ट्रेलर एसीच्या खोक्यासकट सव्वाअकरा फूट उंच होता. ही उंची त्यांनी शिडी लावून तीनदा मोजली. तिसऱ्यांदा टेपचं खालचं टोक मी धरलं होतं.

दुकानात गेले की ते पहिला प्रश्न विचारत, "हा ट्रेलरची उंची विचारतो का?" विक्रेती बाई गोंधळून म्हणे, "सर, हा फक्त पत्ता विचारतो." शेवटी त्यांनी तीन वेगवेगळी यंत्रं आणली आणि तिन्ही एकदमच पिकअपच्या काचेला चिकटवली. एकातली बाई डावीकडे वळा म्हणे, दुसऱ्यातली उजवीकडे, आणि तिसरी नुसतीच "रिकॅल्क्युलेटिंग." त्या परीक्षेत एकदा दहा मिनिटांवरच्या इंडियन ग्रोसरीतून घरी यायला त्यांना दीड तास लागला. कोथिंबिरीची जुडी मलूल झाली होती. ताई, म्हणजे माझी थोरली मेहुणी, म्हणाल्या, "या तिघींना घेऊनच जा कॅम्पिंगला. मी राहते घरी."

पहिली बाद झाली, कारण ती ऊठसूट यू-टर्न घ्यायला सांगे. दुसरीचा पडदा उन्हात दिसेना. तिसरीत यू-टर्न बंद करता येई आणि धोक्याच्या जागा आपल्या आपण भरता येत. जवळ आलं की ती टिंग वाजवे. झालं! साडूंनी सुट्टीला जायच्या वाटेवरच्या प्रत्येक काउंटीच्या, म्हणजे तिथल्या जिल्ह्याच्या, ऑफिसला फोन करून पुलांच्या उंच्या विचारल्या आणि एकेक पूल यंत्रात भरला. मी बायकोला म्हटलं, "वेळ आहे त्यांच्याकडे." ती म्हणाली, "काळजी आहे त्यांना." त्याच शनिवारी मी दुकानात गेलो आणि दिसला तो पहिला जीपीएस उचलून आणला. सोमवारी त्याने मला ऑफिसऐवजी एका दफनभूमीच्या फाटकाशी नेऊन सोडलं. हे मी घरी सांगितलं नाही.

मार्चच्या सुट्टीत दोन्ही कुटुंबं हिल कंट्रीकडे, टेक्सासातल्या डोंगराळ भागाकडे, निघाली. बायका आणि मुलं आमच्या व्हॅनमधून पुढे गेली, आणि मी पिकअपमध्ये साडूंच्या शेजारी. तीन तास ते यंत्र प्रत्येक पुलाआधी टिंग करत होतं आणि प्रत्येक टिंगला साडू म्हणत होते, "बघ!" मी बघत होतो. मग एका छोट्या गावात रस्त्याचं काम निघालं आणि सगळी वाहनं एका आडरस्त्याला वळवली. तो रस्ता साडूंच्या यादीत नव्हता. समोर रेल्वेचा पूल दिसला आणि त्याच्यावर पिवळी पाटी : उंची दहा फूट. साडू पडद्याकडे बघत होते. पाटी फक्त मी वाचली.

इथे एक कबुली द्यायला हवी. मी लगेच ओरडलो नाही. दोन सेकंद, फार तर तीन. तेवढ्यात ते एसीचं खोकं रस्त्यावर पडलेलं, बायको तोंडावर हात ठेवून उभी, आणि मी गंभीरपणे "एवढा अभ्यास करून शेवटी..." म्हणतोय, असं सगळं मी बघून घेतलं. मग किंचाळलो, "भाऊजी, ब्रेक!"

पुलाच्या अगदी तोंडाशी गाडी थांबली. मागे हॉर्न सुरू झाले. मी म्हटलं, "रिव्हर्स घ्या, मी खाली उतरून सांगतो." साडू हललेच नाहीत. स्टिअरिंग घट्ट धरून हळूच म्हणाले, "मला येत नाही रे."

"काय येत नाही?"

"ट्रेलर जोडून रिव्हर्स. रोज सकाळी चर्चच्या रिकाम्या पार्किंगमध्ये प्रॅक्टिस केली. मी इकडे वळवतो, तो तिकडे जातो. म्हणून तर असा जीपीएस शोधत होतो, की मागे यायची वेळच येऊ नये. घरी कोणाला माहीत नाही. सांगू नको, यार."

या माणसाच्या तोंडून "येत नाही" हे शब्द मी पहिल्यांदा ऐकत होतो. इतकी वर्षं या शब्दांची वाट पाहिली होती, पण आनंद काही होईना. मी उतरलो, मागच्या गाड्यांना हात जोडून मागे सरकवलं आणि पाऊण तास रस्त्यात उभा राहून ओरडत राहिलो, "डावीकडे! तुमचं डावं नाही, ट्रेलरचं डावं!" साडू मी सांगेन तसं निमूटपणे करत होते.

कॅम्पवर पोचताच त्यांनी माझ्या बायकोला सांगितलं, "आज याने वाचवलं. पाटी वाचली नसती तर छप्पर गेलंच होतं." बायकोने माझ्याकडे जसं बघितलं, तसं बघावं म्हणून मी लग्नापासून झुरत होतो. आणि नेमकं तेव्हा मला तिच्या डोळ्याला डोळा देता येईना.

दोन वर्षांनी साडू आईवडिलांकडे नागपूरला कायमचे परत गेले. निघायच्या आदल्या संध्याकाळी, रिकाम्या घरात खोक्यांवर बसून चहा पिताना, मी त्यांना ते दोन सेकंद सांगून टाकले. त्यांनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, "तू एक्झिट चुकलास तर पुढच्या एक्झिटला वळतोस आणि वर हसतोस. मी चुकेन या भीतीने चार महिने घरातून निघत नाही. किती हेवा वाटायचा तुझा!"

हल्ली फोन येतो त्यांचा. परवा सांगत होते, गच्चीवर सोलर हीटर बसवायचाय, सहा महिने चौकशी चालू आहे. मी नुसतं हं हं करत होतो. इतक्या लांबून हेवासुद्धा नीट करता येत नाही.