मोखाड्याची चिनी खानावळ

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या, म्हणजे मला नीट सांगता येईल. आणि एक गोष्ट सुरुवातीलाच बजावून ठेवतो. या सगळ्या प्रकरणात माझी चूक शून्य! लोकांना सरळ बोलता येत नाही, त्याला मी काय करू?

मी तेव्हा जव्हार संस्थानच्या कचेरीत कारकून होतो. कामानिमित्त मुंबईला गेलो, तेव्हा एका स्नेह्याने मला गुपचूप एका चिनी खानावळीत नेलं. गुपचूप, कारण घरी कळलं असतं तर पंगतीतून उठवलं असतं! वाफाळता रस्सा, त्यात लांबच लांब शेवया, वर हिरवीगार कांद्याची पात. शेवया, आणि चक्क तिखटमिठाच्या! पहिल्या घोटाला डोळे मिटले ते वाडगं रिकामं झाल्यावरच उघडले.

झालं! जव्हारला परतलो तो हे वेड डोक्यात घेऊनच. ताटात वरणभात दिसला की मस्तकात तिडीक जायची. बायकोला म्हटलं, तू करून बघ. तिने खिरीच्या शेवयांवर आमटी ओतली!

"ह्याला चिनी म्हणतात?" मी ओरडलो.

"मी कुठे म्हणते? तुम्हीच म्हणताय," ती म्हणाली.

पुढे कल्याणला एका हॉटेलवाल्याने छातीठोकपणे सांगितलं, आमच्याकडे खास चिनी मिळतं. आणि समोर काय आणून ठेवलं असेल? कांदाभजी! जाब विचारला तर म्हणतो, "बशी चिनी आहे ना, साहेब!" आता सांगा, माणसाने संतापायचं नाही तर काय करायचं?

एके दिवशी असाच खिन्न होऊन, गालाला हात लावून कासमभाईंच्या दुकानाच्या पायरीवर बसलो होतो. कासमभाई म्हणजे जव्हारच्या बाजारातले बांगडीवाले. सज्जन माणूस. निदान तोवर मी तसं समजत होतो.

"कासमभाई," मी कण्हतच म्हणालो, "आपल्या बाजूला कुठे अस्सल चिनी माणूस मिळायचा नाही का हो?"

त्यांनी माझ्याकडे मोठ्या कळवळ्याने पाहिलं. "मिळतो की! मोखाड्याला, बाजाराच्या दिवशी बसतो."

"मोखाड्याला?" मी ताडकन उठलो. बघा अन्याय! आमच्या जव्हारला राजा आहे, दरबार आहे, आणि चिनी जाऊन बसला कुठे? तर इंग्रजी हद्दीतल्या मोखाड्याला! "पण अस्सल आहे ना? नाही तर पुन्हा फसगत."

"एकदम अस्सल! आणि हात असा हलका, की कळतसुद्धा नाही."

हात हलका म्हणजे तिखटमीठ बेताचं. शाबास!

"फार ताटकळावं लागतं का?"

"छे! बसलात की मोकळे. फक्त सकाळी काही खाऊन येऊ नका."

"अहो, हे काय सांगायला हवं?"

पुढच्या बाजाराला कासमभाई बांगड्यांच्या पेट्या घेऊन निघाले, त्यांच्याच बैलगाडीत मी बसलो. निघण्याआधी सगळ्या आळीला सांगून ठेवलं, मी चिनी जेवायला चाललोय! वाटेभर पोटात कावळे कोकलत होते. कासमभाई अधूनमधून मागे वळून विचारायचे, "फार होतंय का?"

"आता धीर निघत नाही!" मी म्हणायचो.

मोखाड्याला पोचल्यावर कासमभाईंनी बोटाने एक मांडव दाखवला आणि ते बांगड्या मांडायला निघून गेले. मांडवासमोर ही रांग! मी म्हटलं, दर्दी लोक आहेत. वर कापडी पाटी होती. त्यावर चिनी अक्षरं आणि खाली दातांच्या दोन लालभडक कवळ्या रंगवलेल्या. मला ती कल्पना इतकी आवडली! खानावळ आहे, हे अडाण्यालाही कळावं, म्हणून केवढी युक्ती!

आतून लवंगेचा घमघमाट येत होता. जो तो बाहेर पडत होता, त्याचा गाल टम्म फुगलेला. तोंडात मावत नाही इतका मोठा घास! एकाच्या तर डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

माझ्या पुढे सूर्यमाळच्या डोंगरावरची एक म्हातारी उभी होती. तिला विचारलं, "आजी, तिखट असतं का फार?"

तिला काही कळलं नसावं. म्हणाली, "आदी डोल्यातना पानी येतं रं. मंग लय बरा वाटतं. तुला घाई दिसं, तू जा आदी."

गावाकडची म्हातारी, आणि मला अरेतुरे करते म्हणून जरा राग आला होता. पण नंबर सोडला, म्हणून गिळला.

आत एक उंच चिनी माणूस. खराखुरा! त्याच्या टेबलावर लोखंडी चिमटे ओळीने मांडलेले. हे लोक काड्यांनी खातात, हे मी पाहिलं होतं. लोखंडाच्या बघून म्हटलं, हा काही साधासुधा आचारी नव्हे.

"बैठो," तो म्हणाला. मी बसलो. त्याने भुवया उंचावल्या. "किधर?"

आता भुकेल्या माणसाने काय दाखवावं? मी आ करून तोंडाकडे बोट केलं.

त्याने आत डोकावून पाहिलं. मला वाटलं, चिनी रीत असेल, गिऱ्हाइकाची भूक तपासतात. बराच वेळ पाहून तो गोंधळला. "कौन सा?"

"जो अच्छा है, वो निकालो!"

"अच्छा वाला?" त्याचे डोळे मोठे झाले.

"हां, अच्छा वाला! खराब नहीं चलेगा!"

"अच्छा क्यों निकालने का?"

ऐकलंत? मी एवढा जव्हारहून उपाशीपोटी आलो आणि हा मला शिळंपाकं खपवायला बघतोय! माझा पारा चढला. मी टेबलावर मूठ आपटली. "हम जव्हार दरबार का आदमी है! सबसे अच्छा निकालो! अभी!"

त्याने खांदे उडवले. मग माझं डोकं काखेत दाबलं, चिमटा तोंडात घातला आणि...

पुढचं मला आठवत नाही. म्हणजे आठवतं, पण सांगवत नाही. माझी किंकाळी खोडाळ्यापर्यंत गेली असेल. शुद्धीवर आलो तेव्हा चिनी माझ्यासमोर एक दात धरून उभा होता. पांढराशुभ्र, मुळासकट, कुठे किडीचा ठिपका नाही!

"हरामखोरा!" मी म्हणालो. निदान म्हणायचा प्रयत्न केला. तोंडातून नुसतंच "हयायखोया" बाहेर पडलं.

तोही भडकला. रांगेकडे वळून ओरडू लागला, "हम मना किया! ये आदमी बोला, सबसे अच्छा निकालो!" सगळा बाजार मांडवाशी जमला. म्हातारी मात्र पुढे होऊन माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "रडू नको रं. आता बरा वाटंल."

चिनीने लवंगेच्या तेलात बुडवलेला कापसाचा भलामोठा बोळा माझ्या गालात कोंबला आणि पुढचं गिऱ्हाईक बसवलं.

परतीच्या वाटेवर कासमभाईंना हातवाऱ्यांनी सगळं समजावलं. ते गाडीतल्या गाडीत लोळून हसले. म्हणे, गाल धरून बसलेल्या माणसाला दुसरा कुठला चिनी हवा असणार? मी भयंकर चिडलो. अहो, त्या सगळ्या बोलण्यात एकदा तरी 'दात' हा शब्द काढला होता का त्यांनी? एकदा?

घरी पोचलो तर बायको दारातच उभी. आळीतले चारपाच शेजारी ओट्यावर. सगळ्यांचे डोळे माझ्या फुगलेल्या गालावर.

"झालं का चिनी जेवण?" बायकोने विचारलं.

आता चारचौघांत काय सांगणार? मी तोऱ्यात मान डोलावली.

"चांगलं होतं?"

मी बोटं जुळवून दाखवलं, की अप्रतिम!

"आणि गालात काय आहे मग?"

"घ्हास," मी कसंबसं म्हणालो.

"अगबाई! मोखाड्यापासून घास तोंडात धरून आलात? गिळा की!"

शेजारी टक लावून बघत होते. मी सगळ्यांवरून एक जळजळीत नजर फिरवली, डोळे मिटले आणि तो बोळा गिळला.

अस्सल चिनी माणसाच्या हातचं त्या दिवशी माझ्या पोटात गेलं ते तेवढंच. वर बायकोने विचारलं, "अजून आणायला पाठवू का कुणाला?"