उत्पन्नाचा रकाना

लिहायला बसलोय, पण आधी माफी मागतो. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलेलं नाही. लिहिणं हे मोठ्या माणसांचं काम, असं मला अजून वाटतं. चुकलं तर पोटात घाला. पण जे झालं ते दुसरं कुणी लिहिणार नाही.

मी जन्मापासून आंधळा. गाव कोडोली. वसतिगृहाची फी माफ व्हायची तर उत्पन्नाचा दाखला लागतो, म्हणून आईला घेऊन कोल्हापुरातल्या एका सेवा केंद्रात गेलो. मागं रांग. काउंटरवरचा माणूस माझ्याशी बोलेचना.

"मावशी, ह्याचं नाव काय?"

"साहेब, मला विचारा. मी बी.ए.ला आहे."

"मावशी, ह्याला गप बसायला सांगा की. उत्पन्न किती तुमचं, वर्षाचं?"

आईनं हळू आवाजात सांगितलं. त्यानं तो आकडा सगळ्या रांगेला ऐकू जाईल असा म्हटला. वर म्हणाला, "एवढ्यात भागतंय व्हय? खाताय काय, वारं?"

रांग हसली. आईपण हसली. तिला हसावं लागलं.

तेवढ्यात संकेत वडलांबरोबर आला. माझ्याच वर्गातला, माझ्यासारखाच आंधळा. राजारामपुरीत त्याच्या वडलांची दुकानं आहेत. त्याला रहिवासी दाखला हवा होता. "या की, बसा बसा." खुर्ची ओढल्याचा आवाज. चहा मागवला. त्याची सगळी माहिती आतल्या टेबलावर, कुजबुजत. एक शब्द रांगेपर्यंत आला नाही.

मग त्या माणसानं संकेतच्या वडलांना विचारलं, "ह्याला चहात साखर चालती न्हवं?"

संकेत तिथंच बसलेला. हा त्याचाही अपमान आहे, हे मला कळलं. तरी खरं सांगतो, मला त्या अपमानाचाही हेवा वाटला. खुर्चीवर बसून, चहासोबत मिळालेला अपमान. माझ्या वाट्याला तसलासुद्धा नव्हता.

हेवा जुनाच. संकेतच्या लॅपटॉपात विकतचं महाग सॉफ्टवेअर. पडद्यावरचं सगळं गोड आवाजात वाचून दाखवतं. तो हेडफोन काढून मला ऐकवायचा. "छान आहे," मी म्हणायचो. आणि मग दिवसभर त्याच्याशी बोलायचो नाही.

कॉलेजच्या ग्रंथालयात शुभांगीताई कामाला आहे. तिलाही दिसत नाही. तिनं माझ्या हातात पेनड्राइव्ह ठेवला. "ह्यात बी तसलंच हाय. मुक्त सॉफ्टवेअर. कुणी बी घ्यावं, दुसऱ्याला द्यावं, येत असंल तर दुरुस्त करावं. दुसऱ्याच्या कॉम्प्युटरला लावलास तरी बोलतंय."

"आवाज पत्र्यासारखा आहे, ताई."

"मग? गाणं ऐकायचंय तुला, का अर्ज भरायचाय?"

दाखला हातात आला तो चुकीचा. उत्पन्नात एक शून्य जास्त. चूक त्या माणसाची, धावपळ माझी. पुन्हा अर्ज. या वेळी एकटाच गेलो. लोकांनी आपला अर्ज आपण भरावा म्हणून केंद्रात कोपऱ्यात एक कॉम्प्युटर असतो. त्याच्यापुढं बसलो. पेनड्राइव्ह लावला. कॉम्प्युटर मोठ्यानं मराठी बोलायला लागला.

"ए! व्हायरस घालतोस काय? ऊठ! तुझी आई कुठं हाय?"

"आई आली नाही. माझ्याशी बोला."

उठलो नाही. हेडफोन घातले. नाव लिहिलं. गाव लिहिलं. मग तो रकाना आला. उत्पन्न. आकडा मी माझ्या बोटांनी टाकला. कुणी ऐकला नाही. कुणी हसलं नाही. पत्र्याच्या आवाजात आमची गरिबी फक्त माझ्या कानात बोलली. तिची मला पहिल्यांदाच लाज वाटली नाही.

आणि शेवटाला अडलो. चित्रातली अक्षरं ओळखून लिहायची चौकट. सॉफ्टवेअर म्हणालं, "चित्र." पुन्हा, "चित्र." खालच्या बटणाला नावच दिलेलं नव्हतं. नुसतं, "बटण."

तो माणूस मागंच उभा होता. "आता? सांगू काय अक्षरं?"

त्याच्याकडून अक्षरं घेतली असती तर अर्ज पुढं गेला असता. त्या दिवशी मुदत संपत होती.

"सांगू नका," मी म्हणालो. "मला ऐकू येतील असं करा."

"माज बघा की ह्याचा!"

फीमाफी गेली. वसतिगृह सुटलं. आता कोडोलीहून रोज एसटीनं येतो. आई म्हणाली, "चार अक्षरं घेतली असतीस तर काय बिघडलं असतं, बाळा?"

मी केंद्राला लिहिलं. बटणांना नावं द्या. चित्राच्या जोडीला आवाज ठेवा. हे मुक्त सॉफ्टवेअर कॉम्प्युटरवर घाला, पैसा लागत नाही, घालायला मी येतो. उत्तर आलं नाही.

काल शुभांगीताईनं बातमी सांगितली. केंद्रात बोलणारा कॉम्प्युटर आला. संकेतच्या वडलांनी विकतचं सॉफ्टवेअर देणगी म्हणून दिलं. फीत संकेतनं कापली. पेपरात फोटो आला. चित्राची चौकट आहे तशीच आहे. आणि कॉम्प्युटर उघडायचा पासवर्ड काउंटरवरच्या माणसाकडे. आंधळ्यानं मागायचा, त्यानं सवडीनं द्यायचा.

त्या फोटोत मी हवा होतो. हे लपवत नाही.

आज केंद्राच्या वरच्या कचेरीत दुसरा अर्ज दिला, माझ्या नावानं: चित्राला आवाज द्या, पासवर्ड काढा. ते ऐकेपर्यंत देत राहणार. तो पासवर्ड मी त्या माणसाच्या खिशात राहू देणार नाही.